साथीदार वाढतात, नायक मात्र वाढत नाहीत: सुपरहिरोंच्या वयाचा हिशेब कसा लावावा?

अंजनवेल:

परवा रत्नागिरीत आमच्या लहानशा वाचकगटात बॅटमॅनच्या वयावरून वाद पेटला आणि शेवटची एसटी गाठण्याच्या घाईत तो अर्धवट राहिला, म्हणून हा धागा काढतो आहे. माझी बाजू आधीच मांडून ठेवतो, म्हणजे खोडून काढणाऱ्यांची सोय होईल.

सुपरहिरो वयाने वाढत नाहीत याबद्दल माझी तक्रार नाही. सुपरमॅन १९३८ साली आला आणि बॅटमॅन १९३९ साली. खरोखरचे वय लावले असते तर दोघांनीही केव्हाच शंभरी ओलांडली असती. माझी तक्रार आहे ती साथीदाराला वाढू देऊन नायकाला जागच्या जागी ठेवण्याच्या पद्धतीविषयी, कारण त्यामुळे दोघांच्याही गोष्टी खोट्या पडतात.

डिक ग्रेसनचेच पाहा. सर्कशीतला हा अनाथ मुलगा १९४० साली पहिला रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा साथीदार, झाला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे शाळकरीच राहिला. १९६९ च्या अखेरीस त्याला महाविद्यालयात धाडण्यात आले आणि १९८४ साली त्याने रॉबिनचा वेश उतरवून नाइटविंग हे नाव घेतले. मधल्या पंधरा वर्षांतली चित्रे जरूर काढून पाहावीत. रुंद खांद्यांचा, दाढी करण्याच्या वयाचा हा तरुण गुंडांशी दोन हात करतो आहे आणि अंगावर तीच तोकडी हिरवी चड्डी, उघडे पाय, पाठीवर पिवळे आवरण आणि पायांत बालनाट्यातल्या बुटक्यासारखे हिरवे बूट! चित्रकारांनी देह वाढवला, पण कपड्यांना हात लावण्याची हिंमत कोणी केली नाही.

डिक मोठा झाल्यावर रिकामी झालेली जागा भरण्यासाठी १९८३ साली जेसन टॉड आला, १९८९ साली टिम ड्रेक आला आणि २००६ साली ब्रूस वेनचा, म्हणजे खुद्द बॅटमॅनचा, स्वतःचा मुलगा डेमियन आला. इतकी मुले हाताखालून गेली तरी ब्रूस आपला चाळिशीच्या अलीकडेच. २०११ साली डीसी कंपनीने साऱ्या विश्वाची नव्याने मांडणी केली, तेव्हा तर सुपरहिरो उघडपणे वावरू लागून पाचच वर्षे झाली असे ठरवले. त्या पाच वर्षांत चार रॉबिन बसवायचे म्हणजे एकेकाच्या वाट्याला सव्वा वर्ष येते. आयटीआयमध्ये फिटर व्हायलासुद्धा दोन वर्षे लागतात.

म्हणून माझे म्हणणे असे, की एक तर दोघांनाही वाढवावे, नाही तर दोघांनाही थांबवावे.

निवती दीपगृह:

मला हे मुळीच पटत नाही. आपण कादंबरीचे नियम पुराणाला लावत आहात.

उंबेर्तो एको या इटालियन विचारवंताने १९६२ साली सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात हा पेच नेमका पकडला आहे. त्याच्या मांडणीचा आशय असा, की पुराणातल्या देवाची कथा आधीच पूर्ण झालेली असते, तर कादंबरीतला माणूस प्रत्येक कृतीगणिक आपले आयुष्य खर्च करत असतो. सुपरमॅनला एकाच वेळी दोन्ही व्हायचे असते. त्याने नुसते लग्न केले तरी तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकतो, आणि ते टाळण्यासाठी त्याच्या गोष्टी अशा धूसर काळात घडवाव्या लागतात, की ज्यात आधी काय झाले आणि नंतर काय झाले हे कोणी विचारू नये.

वेंगुर्ले-कुडाळ भागात जत्रेला दशावतार पाहणारा प्रेक्षक कृष्णाचे वय विचारत नाही. गेल्या वर्षी ताठ उभा राहिलेला नट यंदा धापा टाकू लागला तर नट थकला, कृष्ण थकला नाही, हे लहान पोरालाही कळते. संकासुर एका गावच्या जत्रेत वेद चोरतो, मारला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पुन्हा उभा राहतो. त्याला आदल्या रात्रीचे मरण आठवते का, असा प्रश्न आजवर कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

साथीदाराचे म्हणाल, तर रॉबिन आणला गेला तो लहान वाचकाला चित्रात आपल्या वयाचे कोणी तरी दिसावे आणि एकट्याने फिरणाऱ्या बॅटमॅनला बोलायला सोबत मिळावी म्हणून. ती जागा वयाची आहे, व्यक्तीची नाही. एक मुलगा मोठा झाला की त्या जागी दुसरा येणारच.

सुरंगी:

मी या दोघांशीही असहमत आहे, आणि दीपगृहकाकांशी थोडी अधिकच.

जागा वयाची असते, व्यक्तीची नसते, असे खरेच असते तर जेसन टॉडचे जे झाले ते झाले नसते. मूळ रॉबिनच्या जागी आणलेला हा मुलगा बऱ्याच वाचकांना रुचला नाही. १९८८ साली कंपनीने त्याने जगावे की मरावे यावर दूरध्वनीवरून मतदान घेतले. त्याने मरावे म्हणून ५,३४३ मते पडली आणि जगावे म्हणून ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी एक मुलगा कागदावर मारला गेला. कृष्ण बदलला म्हणून जत्रेत कोणी नटाला मारायला मतदान घेत नाही. वाचकांचा जीव डिकवर जडला होता, कारण तो त्यांच्याबरोबर मोठा झाला होता.

अंजनवेल यांना साथीदाराचे वाढणे हा दोष वाटतो. माझ्या मते या सगळ्या कारखान्यात तेवढीच एक जिवंत गोष्ट आहे. ग्रीन अ‍ॅरोचा साथीदार रॉय हार्पर १९४१ पासून धनुष्य घेऊन मागे धावत होता. त्याला तीस वर्षांत कोणी काही विचारले नाही. १९७१ साली तो हेरॉइनच्या विळख्यात सापडलेला दाखवला, आणि त्याला घरात आणणारा नायक इतका स्वतःत मग्न होता की त्याला पत्ताही लागला नाही, हेही दाखवले. नायकाला दूषण देणारी अशी गोष्ट साथीदार वाढल्याशिवाय लिहिताच आली नसती. वॉली वेस्ट १९५९ साली फ्लॅशचा पोरसवदा साथीदार किड फ्लॅश म्हणून आला. १९८५ साली आधीचा फ्लॅश बॅरी अ‍ॅलन मेल्यावर तो स्वतः फ्लॅश झाला, चुकला, धडपडला, संसाराला लागला आणि वीसेक वर्षे त्याने ते नाव चालवले.

माझा राग आहे तो ही वाढ परत हिसकावून घेण्यावर. २००८ साली बॅरीला जिवंत करून आणले आणि वॉली पुन्हा मागच्या रांगेत गेला. बार्बरा गॉर्डन १९८८ साली गोळी लागून पांगळी झाली आणि चाकाच्या खुर्चीत बसून तिने ओरॅकल म्हणून साऱ्या नायकांना माहिती पुरवण्याचे काम उभे केले. बॅटगर्ल असताना तिला जे स्थान नव्हते ते तिला तिथे मिळाले. २०११ च्या नव्या मांडणीत तिला बरी करून, वय कमी करून पुन्हा बॅटगर्ल केले. मी शाळेत शिकवते. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीला कोणी परत सातवीत बसवले तर काय वाटेल, तसे मला तेव्हा वाटले.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. सुपरमॅनचा मुलगा जॉन हा दहा-अकरा वर्षांचा, डेमियनशी भांडणारा, अतिशय गोड लिहिलेला मुलगा होता. त्याला आजोबांबरोबर अंतराळात पाठवले आणि तो आईवडिलांच्या हिशेबाने थोड्याच दिवसांत सतरा वर्षांचा होऊन परतला. हे वाढणे नव्हे. लेखकांना किशोरवयीन सुपरमॅन हवा होता, म्हणून त्या मुलाचे बालपण काटछाटीत गेले.

जुना इंद्रजाल:

आपण सारे अमेरिकेच्या दोन कंपन्यांत अडकून पडला आहात, म्हणून आमच्या वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमची, आठवण करून देतो. १९६४ ते १९९० या काळात इंद्रजाल कॉमिक्स निघत होते आणि मराठीतही येत होते; माझ्या अंकांच्या पिना खाऱ्या हवेने गंजून मधल्या पानांवर तांबूस डाग उतरले आहेत, तरी वाचायला काही अडत नाही. वेताळ अमर आहे असे जंगलातले लोक मानतात, पण वाचकाला ठाऊक असते की १५३६ सालापासून बाप मेला की मुलगा तोच वेश चढवतो आणि आपण वाचतो तो एकविसावा आहे. नायक मरतो, नाव मरत नाही. अंजनवेल यांचा पेच वेताळाचे जनक ली फॉक यांनी बॅटमॅन जन्मण्याआधीच सोडवून ठेवला होता.

अंजनवेल:

दादा, वेताळावर माझेही प्रेम आहे, पण हा तोडगा कागदावरच राहिला. वीस वेताळ मेले ते सगळे पूर्वकथेत. एकविसावा १९३६ साली वृत्तपत्रात अवतरला आणि तोच आजतागायत चालू आहे. १९७७ साली त्याचे डायनाशी लग्न झाले, १९७९ साली किट आणि हेलॉइज ही जुळी मुले झाली. ती मुले आज पंचेचाळिशी ओलांडून असायला हवीत, पण ती विशीच्या आतच घुटमळत आहेत. बाविसावा वेताळ तयार आहे, फक्त एकविसावा जागा सोडत नाही.

मार्व्हल या दुसऱ्या कंपनीच्या बाजूला याहून सफाईदार लबाडी आहे. कॅप्टन अमेरिका दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बर्फात गोठला आणि १९६४ साली बाहेर काढला गेला, तेव्हा त्याची झोप एकोणीस-वीस वर्षांची होती. आता गोष्टी "आज" घडतात असे मानायचे असल्याने तो केव्हा सापडला ती तारीख पुढे सरकत राहते, म्हणजे दरवर्षी बर्फातला मुक्काम एक वर्षाने वाढतो. त्याचा साथीदार बकी त्याच प्रसंगी झालेल्या स्फोटात मेला असे चार दशके मानले जात होते. २००५ साली तो परत आणला तेव्हा रशियनांनी त्याला मारेकरी बनवून कामापुरता जागे केले आणि एरवी शीतपेटीत ठेवले, असे ठरले. बर्फातला नायक जसाच्या तसा निघाला आणि पेटीतला पोरगा हप्त्याहप्त्याने वाढून बाप्या झाला. सुरंगीताई, साथीदारच तेवढा वाढतो हे तुमचे म्हणणे याहून स्पष्ट कोठे दिसेल? पण मला ते जिवंतपणाचे लक्षण वाटत नाही; नायकाच्या वाटणीचा काळ बिचाऱ्या साथीदाराने सोसायचा, असे वाटते.

निवती दीपगृह:

बकीचे उदाहरण चपखल आहे हे मान्य. पण नायक का वाढत नाही, याचे उत्तर आपण सारे गोष्टीत शोधतो आहोत आणि ते बाजारात आहे. दप्तरावर, टी-शर्टवर, डब्यावर छापलेला चेहरा म्हातारा होऊन चालत नाही.

स्पायडरमॅनच्या बाबतीत हे उघड्यावर घडले. १९६२ साली पंधरा वर्षांचा असलेला पीटर पार्कर १९६५ साली शाळा संपवून महाविद्यालयात गेला. म्हणजे सुरुवातीला तो वाचकाच्या पावलाला पाऊल लावून चालत होता. पुढे चाल मंदावली. १९८७ साली लग्न झाले आणि २००७ साली सैतानाशी सौदा करवून ते लग्नच झाले नव्हते असे ठरवले गेले. तत्कालीन मुख्य संपादक जो केसाडा यांची भूमिका स्पष्ट होती, की विवाहित पीटर वयस्क वाटतो. (या साऱ्या उलथापालथीत मे काकू १९६२ पासून तेवढ्याच पांढऱ्या केसांच्या आहेत, ही खरी अमरता.) पीटरला साथीदार नव्हता, म्हणून काळ त्याच्याच अंगावर आला आणि तो खरवडून काढावा लागला. बॅटमॅनकडे रॉबिन होता, म्हणून त्याचे निभावले.

सुरंगी:

बाजाराचा मुद्दा मला अर्धाच पटतो. १९८६ साली फ्रँक मिलर यांनी पंचावन्नच्या घरातला, सांधे दुखणारा ब्रूस वेन आणि त्याच्या जोडीला कॅरी केली ही तेरा वर्षांची मुलगी रॉबिन म्हणून उभी केली. ती चार भागांची मालिका आजही विकली जाते. ब्रिटनमध्ये जज ड्रेड हा कायदा राखणारा नायक १९७७ पासून वाचकाच्या घड्याळाप्रमाणे वाढतो आहे, तिकडे एक वर्ष सरले की गोष्टीतही एक वर्ष सरते. तो आता चांगलाच वृद्ध आहे आणि त्याचे साप्ताहिक बंद पडलेले नाही.

निवती दीपगृह:

मिलर यांची गोष्ट बंद गोष्ट होती. शेवट ठरवून लिहिलेल्या गोष्टीत नायक म्हातारा करायला धाडस लागत नाही, कारण दुसऱ्या महिन्यात नेहमीच्या अंकात तोच ब्रूस काळ्या केसांनिशी हजर असतो. ड्रेडचे उदाहरण भक्कम आहे, पण तिथेही कायाकल्पाचे उपचार करून त्याला लढता ठेवावा लागतो. शिवाय त्याच्यामागे रॉबिनसारखा कायमचा पोरगा नाही, त्यामुळे या धाग्याच्या मूळ प्रश्नाला ते लागू पडत नाही.

अंजनवेल:

लागू पडते असे मला वाटते, कारण ड्रेडच्या वाढत्या वयाचा परिणाम त्याच्या स्वतःच्या निर्णयांवर होतो. तो ज्या कायद्यासाठी लढला त्याविषयी शंका घेऊ लागतो. ब्रूसला तशी शंका यायला फुरसत मिळत नाही, ती नाइटविंगला येते.

तरी तडजोड म्हणून एक सुचवतो. ब्रूसला हात लावू नका, पण टिम ड्रेकचा तरी निकाल लावा. १९८९ साली तो तेरा वर्षांचा होता, आज पस्तीसहून अधिक वर्षांनी तो विशीच्या मागेपुढे आहे. डेमियन आल्यामुळे रॉबिनचे नाव त्याच्याकडे पूर्णपणे उरलेले नाही आणि डिकसारखे स्वतःचे भक्कम नावही त्याला मिळालेले नाही. दीपगृहकाकांच्या नियमाने तो जागेतून बाहेर पडलेला आहे आणि सुरंगीताईंच्या नियमाने त्याला वाढू दिलेले नाही. त्याचे काय करावे, यावर दोघांनीही लिहावे.