स्टुटगार्टमध्ये वजन उतरले, पण पोट तसेच राहिले. काय चुकते आहे?

गोदाकाठ (स्टुटगार्ट)

नमस्कार. मी मूळचा नाशिकचा, वय ३६, उंची १७१ सेंटीमीटर. चाकणच्या एका कारखान्यात आठ वर्षे काम केल्यानंतर साडेतीन वर्षांपूर्वी जर्मनीत स्टुटगार्टला आलो, तेव्हा वजन ७१ किलो होते. चाकणला असताना व्यायाम असा कधी केला नाही, परंतु शॉपफ्लोअरवर दिवसाकाठी पाच-सहा किलोमीटर चालणे आपोआप होई आणि रविवारी घरी गेलो की पांडवलेण्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असत. येथे सगळे काम संगणकावरचे आहे आणि आठवड्यातले दोन दिवस घरूनच असते. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे बाहेर पडणे कमी होत गेले. साडेनऊला सहकाऱ्यांबरोबर लोणी लावलेले ब्रेत्झेल हा खारा पाव, दुपारी कॅन्टीनमध्ये शाकाहारी म्हणून चीजमध्ये घोळलेले श्पेट्झले, म्हणजे येथील शेवया, किंवा तळलेले बटाटे, आणि रात्री कुकरमध्ये एकट्यासाठी लावलेला, पण दोघांना पुरेल इतका भात, असे चालत गेले आणि वजन ८२ किलोवर पोचले.

येथील सरकारी आरोग्य विम्यात पस्तिशीनंतर दर तीन वर्षांनी एक तपासणी करून घेता येते. तीत उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसली, म्हणून डॉक्टरांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करायला सांगितली, ती ५.९ टक्के आली. हा मधुमेह नाही, पण त्याचा उंबरठा आहे हे मला ठाऊक आहे, कारण वडिलांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मधुमेह झाला आणि नंतरची त्यांची सगळी पथ्ये मी जवळून पाहिली आहेत.

त्या भीतीने मी सकाळचे खाणे बंद केले, दुपारी केवळ सॅलड आणि रात्री थोडा वरणभात एवढ्यावर राहिलो, आणि रोज चाळीस मिनिटे ट्रेडमिलवर चाललो. चार महिन्यांत वजन ७६ वर आले. मात्र कंबर ९८ सेंटीमीटरवरून जेमतेम ९६ झाली, अंगात त्राण राहिलेले नाही, आणि खरेदीच्या दोन पिशव्या घेऊन चौथ्या मजल्यावरील घरी चढताना तिसऱ्या मजल्यावर मांड्या भरून येतात, जे ८२ किलो असतानाही होत नव्हते. मी शाकाहारी आहे, अंडी चालतात. आणखी खाणे कमी करावे की आणखी चालावे, की माझा मार्गच चुकला आहे?


जाईजुई (माइन्झ)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अकरा वर्षे पुण्यात काम केले आणि आता येथे करते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. वजन सहा किलोंनी उतरले, कंबर केवळ दोन सेंटीमीटरनी, आणि जिना पूर्वीपेक्षा जड जाऊ लागला. यावरून उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही बराच वाटा असावा, असे मला वाटते. अन्न एकदम तोडले, त्यात प्रथिने जेमतेम ठेवली आणि स्नायूंना ओझे पेलण्याचे काम दिले नाही, तर शरीर स्नायू राखून ठेवत नाही. स्नायू कमी होणे तुमच्या बाबतीत अधिकच महागात पडते, कारण जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वाधिक प्रमाणात स्नायूच शोषून घेतात.

भारतीयांच्या शरीराची ठेवण या ठिकाणी ध्यानात घ्यायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दीर्घकाळ हा विषय अभ्यासला आहे. २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापून आले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ आणि आत चरबी, ही आपल्याकडची ठेवण त्या एका चित्रात जितकी नेमकी कळते तितकी मी रुग्णांना तासभर बोलूनही सांगू शकले नसते. म्हणून येथील दवाखान्यातल्या तक्त्यावर २५ पर्यंत सर्व ठीक असे लिहिलेले असले, तरी भारतीयांसाठी ठरवलेल्या निकषांत २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानतात, आणि पुरुषांच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटीमीटर आहे. ७६ किलोला तुमचा बीएमआय २६ च्या घरात येतो. तरीही तुम्ही वजनकाट्यापेक्षा टेपकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध धरावी, श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचावा आणि पोट आत ओढू नये. आठवड्यातून एकदा, सकाळी, पुरेसे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेल्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, ती तुमची होते. त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायामही सांगितला आहे, तो मात्र तुमच्या दिनक्रमात कोठेच नाही. त्यासाठी लगेच जिम हवे असे नाही. स्वयंपाकघरातली हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पाठीवरच्या पिशवीत तांदळाच्या पुड्या भरून ती छातीशी कवटाळा, आणि खुर्चीवर तीन आकडे मोजत सावकाश बसून एका दमात उठा. बसताना धपकन टेकायचे नाही. बूड खुर्चीला लागते न लागते तोच उठायचे. शेवटच्या दोन बैठका कष्टाने जमतील इतके वजन पिशवीत असावे, आणि त्या सहज जमू लागल्या की आणखी एक पुडी घालावी. याच रीतीने जोर आधी ओट्यावर हात टेकवून आणि पुढे जमिनीवर काढावेत, आणि दारात अडकवलेला रबरी पट्टा छातीकडे ओढावा. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास. सूर्यनमस्कार घालत असाल तर अवश्य घाला, पण ओझे वाढवत नेण्याची सोय त्यांत नाही, म्हणून त्यांच्यावरच थांबू नका.

खाणे आणखी कमी करू नका. ओझ्याचा व्यायाम करणाऱ्याने दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, म्हणजे तुम्हाला रोज ९० ते १२० ग्रॅम लागतील. मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री तेवढी तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या, आणि शाकाहारी आहात म्हणून बी-१२ चीही चौकशी करा.


अंगणवेल (स्टुटगार्ट)

गोदाकाठ, मी याच शहरात नऊ वर्षे आहे आणि बाळंतपणानंतरचे चौदा किलो याच स्वयंपाकघरात उतरवले, म्हणून शाकाहारी माणसाने येथे ९० ग्रॅम प्रथिने कोठून आणायची ते मी सांगते. एक वाटी पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात. केवळ वरणभातावर हा आकडा कधीच गाठला जाणार नाही.

आपल्याला देवाने दिलेली वस्तू म्हणजे मागरक्वार्क. दुकानात दह्याच्या शेजारी २५० आणि ५०० ग्रॅमच्या डब्यांत मिळतो, स्वस्त असतो, आणि त्यात फॅट जवळजवळ नसून १०० ग्रॅममागे सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात. आपण मराठी माणसे तो पाहताच चक्का म्हणून ओळखतो आणि गुढीपाडव्याला साखर, केशर घालून श्रीखंड करून मोकळे होतो. पण रोजच्या जेवणात तो गोडाशिवायच आला पाहिजे. थोडे पाणी घालून तो रवीने घुसळावा, म्हणजे कोरडेपणा जाऊन दाट दह्यासारखा होतो. त्यात किसून पिळलेली काकडी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर घालून वरून एक चमचा तेलाची हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी दिली, की लहान डब्यात ३० ग्रॅम प्रथिनांची कोशिंबीर होते. ज्वारीचे पीठ भारतीय दुकानात मिळते. भाकरीबरोबर ही कोशिंबीर खाल्ली की रात्री उशिरा स्वयंपाकघरात डबे उघडत फिरण्याची वेळ येत नाही.

लाल मसूर आणि छोले तुर्की दुकानातून मोठ्या पिशव्यांनी आणावेत. मटकीला हिवाळ्यात मोड येत नाहीत अशी पुष्कळांची तक्रार असते. भिजवून उपसलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून बंद ओव्हनमध्ये केवळ दिवा लावून ठेवावी, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड येतात. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी खरेदी आणि रविवारी सकाळी दोन उसळी, असा माझा पक्का नेम आहे. आठवड्यातले निदान तीन दिवस कॅन्टीनऐवजी हा डबा असू द्या. ब्रेत्झेलचा प्रश्न मात्र माणसांचा आहे, अन्नाचा नाही; त्या वेळी सहकाऱ्यांबरोबर जरूर बसा, हातात कॉफी आणि डब्यात दोन उकडलेली अंडी असू द्या. मला सुरुवातीला संकोच वाटला होता, पण आठ दिवसांनंतर कोणी वळूनही पाहिले नाही.

भात सोडू नका. आपण सोडतो आणि मग एखाद्या रात्री पातेलेभर खातो. तांदूळ कुकरला लावण्यापूर्वी काट्यावर ६० ग्रॅम मोजा, एवढेच.

आता चालण्याविषयी. हे शहर भांड्याच्या तळाशी वसल्यासारखे आहे, चहूबाजूंनी चढ आहेत, आणि त्या चढांवर ४०० हून अधिक जुने दगडी जिने आहेत, ज्यांना येथे श्टेफेले म्हणतात. पूर्वी या उतारांवर द्राक्षमळे होते, त्यांच्या वाटांचे हे अवशेष आहेत. नाशिकच्या माणसाला द्राक्षमळे आणि पायऱ्या दोन्ही घरच्यासारखे वाटावेत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. ट्रेडमिल सोडून खालच्या मारियनप्लात्स चौकापासून वरच्या देगरलोख वस्तीपर्यंत जिन्यांनी चढून पाहा. चढ सुमारे दोनशे मीटरचा आहे. पहिल्या दिवशी मी चार ठिकाणी थांबले होते.


कातळ (म्युनिक)

जाईजुई यांचे सर्व पटते, परंतु घरी व्यायाम सर्वांनाच जमतो असे नाही. मला जमला नाही. घरून काम करून त्याच खोलीत पुन्हा बैठका काढण्याचे मन होत नसे. जिम लावायचे असेल तर एक ध्यानात ठेवा: १ मार्च २०२२ पासून झालेले करार पहिली मुदत संपल्यावर पूर्वीसारखे आपोआप वर्षभरासाठी वाढत नाहीत, महिन्याच्या नोटिसीने सोडता येतात. मात्र ती पहिली मुदत दोन वर्षांपर्यंत असू शकते, म्हणून सही करण्यापूर्वी तेवढी ओळ नक्की वाचा. त्याआधी तुमच्या आरोग्य विम्याला प्रतिबंधक अभ्यासवर्गांविषयी विचारा. पाठीचे, योगाचे, आहाराचे मान्यताप्राप्त वर्ग असतात, आणि नेमाने हजेरी लावली तर विमा शुल्काचा मोठा भाग परत देतो. मी याच मार्गाने सुरुवात केली. ठरलेल्या वारी वाट पाहणारी आठ माणसे असली की थंडीतही घराबाहेर पाय पडतो.

दुसरे, ड जीवनसत्त्व. ऑक्टोबर ते मार्च येथील उन्हात त्वचेला ते पुरेसे तयार करता येत नाही. ऊन मिळत नसेल तर दिवसाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, घ्यावे असे जर्मन आहारसंस्था सांगते. तुमच्या अशक्तपणाला तेही एक कारण असू शकेल, तपासून घ्यावे.


गोदाकाठ (स्टुटगार्ट)

तीन महिन्यांनी लिहितो आहे, कारण आकडे हाती आल्याशिवाय आभार मानणे मला बरोबर वाटले नाही. ड जीवनसत्त्व खरोखरच फार कमी निघाले आणि बी-१२ ही कमी होते. दोन्हींच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्या. सकाळी अंडी, दुपारी उसळ आणि रात्री क्वार्कची कोशिंबीर घेऊन रोज ९० ग्रॅमच्या आसपास पोचतो. वजन केवळ अर्धा किलो उतरले, ७५.५ आहे, आणि पहिल्या महिन्यात काटा जागचा हलेना तेव्हा मी पुन्हा उपाशी राहण्याच्या बेतात होतो. परंतु टेपवर कंबर ९६ वरून ९२ झाली, म्हणून थांबलो नाही. पाठीवरच्या पिशवीत आता बारा किलो तांदूळ असतात. गेल्या शनिवारी दहा किलोंची कणीक खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत कोठेही न टेकता आलो. पुढील एचबीएवनसी महिन्याअखेरीस आहे.

एक अडचण आहे. देगरलोखपर्यंत चढताना काहीच होत नाही, पण तेच जिने उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखते. जिने बंद करावेत का?


जाईजुई (माइन्झ)

बंद करू नका. उतरताना वाटीमागे येणारा दाब चढतानापेक्षा अधिक असतो आणि मांडीचा पुढचा स्नायू अद्याप तेवढा तयार झालेला नाही. महिनाभर चढून जा आणि परत येताना देगरलोखहून दात्यांच्या चाकांची ती छोटी रेल्वेगाडी पकडा. घरी खुर्चीवर बसण्याचा वेळ तीन आकड्यांवरून पाचावर न्या, पिशवीतले वजन मात्र आठ किलोवर आणा. गुडघ्यावर सूज दिसली, किंवा विश्रांतीतही दुखू लागले, तर थांबून डॉक्टरांना दाखवा.


अंगणवेल (स्टुटगार्ट)

त्या गाडीला येथे त्साके म्हणतात. शनिवारी सकाळी साडेनऊला आम्ही तिघी मारियनप्लात्सवरून चढायला निघतो. वर पोचल्यावर उसळीचे डबे उघडतो, तुमचाही आणा.