अनुभव धागा: नाव छापून भेटवस्तू दिली, पुढे धंदा आला का?

मुलुंडला आमचं पेस्ट कंट्रोलचं काम आहे. यंदा सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि जुन्या गिऱ्हाइकांना आमचं नाव छापलेलं काहीतरी द्यायचं घाटतंय. सप्लायरच्या कॅटलॉगात सगळंच गोड दिसतं. ज्यांनी दिलंय, छापलंय किंवा घेतलंय त्यांनी लिहा. खर्च नाही सांगितलात तरी चालेल, पुढे काय झालं ते हवंय.

गिरगाव, किराणा दुकान
वडिलांच्या काळापासून आम्ही कालनिर्णयच देतो, खाली दुकानाचं नाव आणि नंबर. 1973 पासून निघतंय, घरात ते लागतंच. शेजारच्या दुकानदाराने एकदा गुळगुळीत कागदावर निसर्गचित्रांचं कॅलेंडर वाटलं, तर बायकांनी तोंडावर विचारलं, "यात तिथी कुठेय?" कालनिर्णयावर दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कामवालीच्या सुट्ट्या, सगळं पेनाने लिहिलेलं असतं. संकष्टीला चंद्रोदय बघायला मान वर केली की खाली आम्ही आहोतच. डिसेंबर लागला की "कॅलेंडर आलं का हो?" म्हणत जुनं गिऱ्हाईक स्वतःहून पायरी चढतं, आणि रिकाम्या हाताने थोडंच परततं! दुसरी जाहिरात आम्ही करत नाही.

लोअर परळ, एचआर
आमच्या कंपनीने स्टाफला आणि क्लायंटना छत्र्या दिल्या, चारी बाजूंनी भलामोठा लोगो. ट्रेनमधून उतरून आपल्याच ऑफिसची जाहिरात डोक्यावर धरून कोण चालणार? बऱ्याचशा पँट्रीच्या कोपऱ्यात पडून राहिल्या. पुढच्या पावसाळ्यात साधी काळी छत्री दिली, लोगो फक्त बांधायच्या पट्टीवर. ती लोक खरंच वापरतात. मार्केटिंगवाले मात्र अजून कुरकुरतात की लोगो दिसत नाही.

अब्दुल रहमान स्ट्रीटजवळ, छपाईवाला
लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) किंवा वेक्टर पीडीएफ द्या, म्हणजे मोठा केला तरी फाटत नाही. स्टीलच्या बाटलीला लेझर करून घ्या. शाईने छापलेलं घासणीने निघतं, मग बाटली राहते आणि तुमचं नाव मोरीत जातं. कापडी पिशवीला स्क्रीन प्रिंटिंग बरं, पांढऱ्या मगला सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने उतरवलेली छपाई. सॅम्पल नेमक्या त्याच मालावर मागा आणि नखाने खरवडून बघा. फोन नंबर तर दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. एका पार्टीने प्रूफला ओके दिलं, नंबरातला एक आकडा चुकलेला, आणि कळलं पेट्या वाटून झाल्यावर. वर भांडायला आमच्याकडेच! दिवाळीची ऑर्डर गणपतीआधी द्या. नवरात्रात येणाऱ्याला उरलासुरला माल मिळतो, तोही चढ्या भावाने.

विलेपार्ले, सीए
आनंदावर विरजण घालतो. फुकट वाटलेल्या वस्तूंवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, कलम 17(5)(एच). तेव्हा भाव करासकटच धरा. शिवाय 1 जुलै 2022 पासून, धंद्याच्या संबंधातून एका पार्टीला वर्षात 20,000 रुपयांहून जास्तीचा लाभ दिला तर 10 टक्के टीडीएसचा प्रश्न येतो. छोट्या प्रोप्रायटरना उलाढालीनुसार सूट आहे. पेन आणि डायऱ्या वाटणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, डीलरला टीव्ही देणाऱ्यांनी आधी विचारावं.

परळ, एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी)
आमच्या लाइनीत औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठीच्या 2024 च्या संहितेनंतर डॉक्टरांना भेटवस्तू बंद. डायरी, कॅलेंडर, पुस्तक अशा माहितीच्या वस्तू चालतात, त्याही नगाला 1,000 रुपयांच्या आत. बॅग हलकी झाली. आता डॉक्टरांसमोर औषधाबद्दलच बोलावं लागतं, ते जड जातं काही जणांना.

गोरेगाव, घेणारी
दिवाळीत नवऱ्याच्या ऑफिसातून आलेला सुकामेवा भाऊबिजेपर्यंत संपतो. पण एका बँकेचा पत्र्याचा डबा सुईदोऱ्यासाठी अजून वापरते. किचेन आणि पेनं थेट वॉचमनच्या मुलांकडे जातात.

दादर, इलेक्ट्रिशियन
मुलुंडकर, फ्रिजवर लावायचं मॅग्नेट करणार असाल तर थांबा. नव्या काचेच्या दारांना ते चिकटत नाही. मी हाताच्या पंजापेक्षा लहान स्टिकर करतो आणि काम झालं की गिऱ्हाइकाला विचारून मेन स्विचच्या झाकणाच्या आतून लावतो. बाहेरून लावला की रंगारी रंग मारतो, किंवा सूनबाई काढून टाकते. रात्री फ्यूज उडाला की टॉर्च तिथेच मारतात. तुमच्या धंद्यात झुरळं सिंकखालीच दिसतात, कपाटाच्या दाराच्या आतून लावून बघा. पण लॅमिनेटेड करा, तिथे ओल असते.