मदत हवी आहे: एचटी (उच्च दाबाच्या विजेच्या) कामाचं कोटेशन फर्म रेटने (शेवटपर्यंत न बदलणाऱ्या भावाने) द्यावं का? (सांगली)

नमस्कार मंडळी,

सांगलीत गणपती पेठेजवळ आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, शिवाय लायसन्सवर कॉन्ट्रॅक्टिंग करतो. एका कोटेशनवर घोडं अडलंय.

तासगाव भागातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला नवीन चेंबर वाढवायचे आहेत. लोड वाढणार म्हणून एलटीवरून (कमी दाबाच्या जोडणीवरून) एचटीवर जायचंय. म्हणजे ११ केव्हीची लाइन, स्ट्रक्चर, मीटरिंग, ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, पॅनल, केबल, अर्थिंग, सगळं आलं. मालक वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. त्यांना एकच आकडा पाहिजे आणि काम संपेपर्यंत तो हलायला नको. बेदाण्याची आवक सुरू व्हायच्या आत चेंबर थंड पाहिजेत, हेही आहेच.

इकडे ट्रान्सफॉर्मरवाला आठवड्याच्या पुढे रेट धरून ठेवत नाही. डिलिव्हरीची तारीख विचारली की "ऑर्डर टाका, मग सांगतो". त्याचीही बाजू आहे म्हणा. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरचं (गाभ्याचं) खास सीआरजीओ स्टील बरंचसं परदेशातून येतं. २०२१ पासून वीज वितरण सुधारायच्या केंद्राच्या आरडीएसएस योजनेत देशभरच्या वीज कंपन्यांची कामं निघाली, त्यात सोलर पार्क आणि डेटा सेंटरवाले. मोठ्या ऑर्डरी आधी जातात, आमच्यासारख्याचा एक नग मागे पडतो.

तांब्याचं वेगळंच. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेलं होतं, तेव्हापासून रेट स्थिर राहील असं कुणी छातीठोक सांगत नाही. वायरची नवी प्राइसलिस्ट येते, तेव्हा जुनी अजून काउंटरवर असते. त्याच महिन्यात, ३० तारखेला, देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती. तेव्हापासून भेटेल तो म्हणतो, "एसी खपतायत, लोड वाढतायत, तुमची तर चांदी!" खप वाढलाय हे खरं. दीड टनाचा एसी घेतला की जुन्या घरात निदान अडीच चौरस मिमीची, लांब असेल तर चारची वायर नव्याने ओढावी लागते, एमसीबी बदलावी लागते. पण तेवढ्याच बंडलांना आता जास्त भांडवल अडकतं, आणि उधारी मात्र पूर्वीसारखीच.

दुकानात जळालेल्या मोटारी रिवाइंडिंगला येतात, त्यांचा तर उलटाच प्रकार. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे आणि ५ वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. ती मोटार आमच्या दारात येणार कशाला? शेतकऱ्याचं भलं होतंय, तक्रार नाही. पण वाइंडरला पगार तर द्यावा लागतो.

कुणी म्हणेल, माल आधीच भरून ठेवा. २०१९ च्या पुरात पेठेत काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. तळमजल्यावर लाखांचा माल ठेवून पावसाळा काढायची माझी तयारी नाही, आणि वरच्या मजल्यावर केबलचे ड्रम चढत नाहीत.

तर फर्म रेट द्यायचा झाला तर वर किती धरता? की कोटेशन लिहायची दुसरी काही पद्धत आहे? मालक दुखावले जाऊ नयेत एवढं बघायचंय.

कुपवाडचा फोरमन: दादा, ट्रान्सफॉर्मर तुमच्या नावावर घेऊच नका. मालकांना थेट कारखान्याला पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू दे, अॅडव्हान्सही त्यांचाच. तुम्ही स्पेसिफिकेशन द्या, कारखान्यात टेस्टिंगला हजर राहा, उभारणीचे पैसे घ्या. मार्जिन थोडं जाईल, पण झोप लागेल. आणि पीओ आजच काढायला लावा. बाकीचं काम महिन्यात उरकतं, नग मिळाला नाही तर सगळं बसतं.

मिरजवाला: रिकंडिशन नग बघा की. निम्म्या पैशात मिळतोय, लगेच मिळतोय.

कुपवाडचा फोरमन: @मिरजवाला, कोल्ड स्टोरेजला? कोअरचा लॉस (गाभ्यात वाया जाणारी वीज) लोड असो नसो, चोवीस तास चालू असतो. एचटीला मीटर ट्रान्सफॉर्मरच्या आधी, त्यामुळे तो लॉस मालकांच्याच बिलात. शिवाय मंजुरीच्या फाइलला टेस्ट रिपोर्ट लागतो, तो कुठून आणणार? आयएस ११८० (ट्रान्सफॉर्मरचं मानक) आणि बीईईचं ऊर्जाबचतीचं स्टार लेबल असलेलाच नग घ्या.

निवृत्त एस्टिमेटर: वर १५-२० टक्के धरून फर्म रेट देऊ नका. भाव उतरला तर मालकांना वाटेल तुम्ही लुबाडलंत, चढला तर तुम्ही बुडाल. मोठ्या टेंडरमध्ये आयईईएमए या इलेक्ट्रिकल उद्योगाच्या संघटनेच्या दरमहा निघणाऱ्या किमतींवर भावफरकाचं कलम असतं. त्याचं सूत्र मालकांच्या गळी उतरणार नाही, म्हणून साधं लिहा: अमुक तारखेची प्राइसलिस्ट पाया, ३ टक्क्यांपर्यंतचा फरक ठेकेदाराचा, त्यापुढचा डीलरच्या बिलाप्रमाणे मालकांचा. उतरला तर तोही त्यांचाच. हे शेवटचं वाक्य विसरू नका, त्याच्यावरच गिऱ्हाईक सही करतं. आणि तांब्याची एवढी धास्ती घेऊ नका. तुमच्या कामातली जाड केबल अॅल्युमिनियमचीच असणार ना? तांबं पॅनलमध्ये आणि कंट्रोल वायरिंगमध्ये. कलम तेवढ्याला लावा. मजुरी, स्ट्रक्चर, अर्थिंग फर्म द्या.

धागाकर्ता: मनापासून धन्यवाद. हो काका, मेन केबल अॅल्युमिनियमचीच आहे. पीओचं मालकांशी बोललो, ते तयार आहेत. उलट "मग कारखान्याशी मीच घासाघीस करतो" म्हणून खूश झाले. भावफरकाचं कलम आज टाइप करतो. एकच राहिलं. नग उशिरा आला आणि माझी गँग साइटवर बसून राहिली, तर ती मजुरी कुणाकडे?

निवृत्त एस्टिमेटर: गँग न्यायचीच नाही. नग गाडीत चढल्याची पावती व्हॉट्सअॅपवर आली की माणसं हलवायची, असं कोटेशनमध्येच लिहा.