आधी मका की आधी गाव? मेसोअमेरिकेतल्या पहिल्या गावांवरून

खापरखुटी
शाळेत चढलेली ती शिडी डोक्यातून जाता जात नाही. माणसाला शेती जमली, धान्य उरू लागलं, ते राखायला माणूस एका जागी बसला, झालं गाव. मेसोअमेरिकेपुरतं, म्हणजे मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ या पट्ट्यापुरतं बोलायचं तर ही गोष्ट साफ खोटी आहे, असं माझं मत. भांडायला या.

आधी तारखा. दक्षिण मेक्सिकोत ओआहाका खोऱ्यात गिला नाकित्झ नावाची छोटीशी गुहा आहे. पुरातत्त्वज्ञ केंट फ्लॅनरी यांनी १९६६ मध्ये ती खणली. तिथल्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षं जुन्या निघाल्या. बाल्सास नदीच्या खोऱ्यात शिवातोश्त्ला इथे दळणाच्या दगडांवर मक्याच्या पिठाचे कण चिकटलेले मिळाले, ते सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीचे. आणि गाव? कुडाची घरं, खापरं, घरालगत पेवं, असं डोळ्यांना दिसणारं गाव ओआहाकात येतं इ.स.पू. १५०० च्या सुमाराला, पॅसिफिक किनाऱ्यावर फार तर इ.स.पू. १९०० ला. मधे पाच-सहा हजार वर्षं गेली! आजोबांच्या मुंजीतला लाडू नातवाला बाधला म्हणण्यातला प्रकार आहे हा.

आता उलटं उदाहरण. आजच्या मेक्सिको सिटीच्या आग्नेयेला चाल्को सरोवर होतं. त्याच्या काठच्या सोआपिल्को इथे क्रिस्टीन निडरबर्गर यांना हिवाळ्यात येणाऱ्या बदकांची हाडं आणि पावसाळ्यातल्या मिळकतीचे अवशेष एकत्र मिळाले. म्हणजे माणसं बारा महिने तिथेच. काळ इ.स.पू. ५५०० च्या आसपास, मक्याच्या शेतीवर पोट चालायच्या कितीतरी आधी. दारात मासे, बदकं, रानधान्य असल्यावर कोण कशाला हलेल?

तात्या_बारभाई
मुंजीचा लाडू आवडला, मुद्दा नाही. तुम्ही ८,७०० वर्षांपूर्वीच्या 'मक्या'ला आजचा मका समजताय. तो तेओसिन्ते नावाच्या रानगवतापासून नुकताच सुटा होऊ लागलेला जीव. त्याच गिला नाकित्झमधली कणसं सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची आहेत आणि ती बोटाच्या दोन पेरांत मावतील एवढी. त्यावर गाव काय, कोंबड्यासुद्धा पोसल्या जाणार नाहीत (कोंबड्या तिथे नव्हत्याच, पण कळलं ना?). तुमची पाच-सहा हजार वर्षं कणीस मोठं करण्यात गेली.

आणि हाडं खोटं बोलत नाहीत. बेलीझमधल्या दोन कातळनिवाऱ्यांतल्या दफनांवर २०२० साली काम प्रसिद्ध झालं. हाडांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून माणसाने काय खाल्लं ते कळतं. ४,७०० वर्षांपूर्वीपर्यंत मका जवळजवळ नाही. मग ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत आहारात ३० टक्क्यांहून कमी. त्यानंतर ७० टक्क्यांच्या वर! ४,००० वर्षांपूर्वी म्हणजे इ.स.पू. २०००. तुमचं किनाऱ्यावरचं गाव इ.स.पू. १९००. शिडी जागेवर आहे, पायऱ्या लांब आहेत इतकंच.

खापरखुटी
तात्या, हाडं एका गावची आणि घरं दुसऱ्या गावची. बेलीझच्या त्या हाडांशेजारी घरं आहेत का? नाहीत. माया संस्कृतीच्या सखल प्रदेशात, म्हणजे बेलीझ धरून, ओळखू येईल असं गाव इ.स.पू. १२०० ते १००० च्या आधी मिळत नाही. क्वेयोची गोष्ट माहीत असेल. नॉर्मन हॅमंड यांनी बेलीझमधलं ते गाव आधी इ.स.पू. २५०० चं म्हणून जाहीर केलं होतं, नव्या कार्बन तारखा आल्यावर ते इ.स.पू. १२०० पर्यंत खाली सरकलं. तेराशे वर्षं एका झटक्यात गेली. म्हणजे तिथे मका पोटभर आला आणि गाव आठशे वर्षांनी.

आणि जिथे गाव लवकर आहे तिथे काय? दक्षिण मेक्सिकोतल्या चियापासच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सोकोनुस्को भागात पासो दे ला अमादा हे गाव. घरं आहेत, खापरं आहेत, उंचवटे आहेत, पण मायकेल ब्लेक आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सुरुवातीच्या हाडांत मका शोधला तर तो किरकोळ निघाला. खाडीतले मासेच जास्त. मका तिथे मुख्य अन्न झाला तो इ.स.पू. १००० च्या सुमाराला. एकीकडे मका आहे, गाव नाही. दुसरीकडे गाव आहे, मका नाही. शिडी कुठल्या भिंतीला लावू?

आडवाट
पासो दे ला अमादाचं नाव निघालंच आहे तर तिथली सगळ्यात जुनी खापरं बघा. 'बारा' (Barra) शैली म्हणतात त्यांना, हे नाव आहे, आकडा नव्हे, इ.स.पू. १९०० च्या पुढची. मान नसलेली, गोल पोटाची, पातळ, घोटून चकचकीत केलेली, लाल रंग, खाचा, पन्हाळी. काजळीचा पत्ता नाही. शेंगदाण्याची आमटी करायची भांडी नव्हेतच ती, पाहुण्यांसमोर पेय ठेवायची भांडी. तिथल्याच जुन्या खापरांत कोकोचा अंश मिळालाय. जॉन क्लार्क आणि ब्लेक यांचं म्हणणं असं की मोठेपणाची हौस असलेल्या काही माणसांनी मेजवान्या दिल्या, लोकांना मिंधं केलं आणि मका तिथे आला तोही बहुधा पिण्यासाठी. तिथलाच सहाव्या क्रमांकाचा उंचवटा घ्या: एकाच जागी पुन्हा पुन्हा बांधलेलं, दर वेळी थोडं उंच चढवलेलं, वीस मीटरहून लांब घर. जवळच सुमारे ८० मीटर लांबीचं चेंडूचं मैदान, इ.स.पू. १६५० च्या सुमाराचं. ज्या गावाला अजून भाकरी माहीत नाही त्याला स्टेडियम आहे!

गाव पोटासाठी वसलं नाही, मानपानासाठी वसलं.

मीरा_पाटावरवंटा
आपल्याकडच्या लग्नांतले मानपान बघून तुम्हाला जगभर मानकरी दिसतात. वीस मीटरचं घर सरपंचाचंच कशावरून? सगळ्यांनी मिळून बसायची चावडी असू शकते, आणि यावर संशोधकही भांडतायत.

नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षं पुएब्लात होते. ओआहाकात एका घरी मेताते म्हणजे तिथल्या पाट्यावर हात चालवून पाहिला. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवलेला, सालं सुटलेली. गुडघ्यावर बसून, अंगाचा भार देत, दगडी लाटणं पुढे ढकलायचं. अर्ध्या तासात माझ्या खांद्याने उत्तर दिलं आणि खाली जेमतेम एका माणसाचा गोळा. घरच्या आजी हसत होत्या, मग त्यांनी न बोलता माझ्या हातातून दगड काढून घेतला. तात्या 'त्यानंतर ७० टक्क्यांच्या वर' म्हणतात त्या चार शब्दांत कुणाचे किती तास गेलेत ते मोजा. माझं मत खापरखुटींच्या बाजूने झुकतं, पण कारण वेगळं: ज्याला पर्याय होता त्याने हे काम शक्य तितकं लांबवलं असणार. खाडीत मासा मिळत असताना रोज चार तास दगड कोण घासेल?

आणि आडवाट, ओआहाकातला कोमाल म्हणजे तवा इ.स.पू. ५०० च्या आसपास येतो. भाकरी नव्हती हे बरोबर, पण दाणे शिजवून, पेज करून, पानात उकडून खाता येतातच की.

शंकेखोर
अग्वादा फेनिक्स कुणीच कसं काढलं नाही? मेक्सिकोतल्या ताबास्कोमध्ये ताकेशी इनोमाता यांच्या चमूला लेसर मोजणीत दिसलेला मातीचा ओटा: १,४०० मीटर लांब, जवळजवळ ४०० रुंद, १० ते १५ मीटर उंच. इ.स.पू. १००० ते ८००. एवढं प्रचंड काम, आणि राजाचा पुतळा नाही, महाल नाही, आसपास पक्की वस्तीही फारशी नाही. ग्वाटेमालातल्या सेइबाललाही इ.स.पू. ९५० ला आधी चौक आणि बरंच नंतर सगळ्यांची कायमची घरं. अर्धवट फिरते लोक एकत्र येऊन बांधकाम करत होते. आधी जत्रा, मग गाव!

तात्या_बारभाई
जत्रा मान्य. पण इ.स.पू. १००० ला मका येऊन हजार वर्षं झाली होती हो. जत्रेला जमलेल्या माणसांना कोण जेवू घालत होतं, बदकं? आणि किनाऱ्याच्या एका खाडीवरून सगळ्या मेसोअमेरिकेचा निकाल लावू नका. ओआहाकाचं सान होसे मोगोते बघा, खाडी नाही, सरोवर नाही, फक्त पाणथळ शेतजमीन. तिथे घरालगत पेवं आहेत, तोंड अरुंद आणि तळ रुंद, घंटेसारखी. एकेका पेवात एका कुटुंबाचा वर्षाचा मका मावावा एवढी. पेव कशाला खणतात?

पुणे जिल्ह्यातल्या प्राचीन इनामगावच्या पेवांची आठवण कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो, ते गाव याच काळातलं असलं तरी तिथे बार्ली बाहेरून तयार होऊन आली होती. तुलना तिथेच थांबते.

खापरखुटी
सान होसे मोगोतेपुरता हरलो. तिथे पेवांपुढे बोलायला जागा नाही. पण त्याच गावात फ्लॅनरी आणि जॉयस मार्कस यांना चुन्याने गुळगुळीत केलेली एक लहानशी खोलीही मिळाली, राहत्या घरांपेक्षा वेगळी, उत्तरेपासून आठ अंश पश्चिमेला कललेली. जमिनीत एक खळगा आणि त्यात चुन्याची भुकटी. तंबाखूत मिसळायला असावी असा त्यांचा तर्क. तशाच खोल्या पुन्हा पुन्हा, त्याच दिशेला बांधल्यात. पेव पोटासाठी, बरं. आठ अंश कशासाठी?

तात्या_बारभाई
चुना-तंबाखू मळून गप्पा मारायला पार लागतोच. पोट भरल्यावर.

मीरा_पाटावरवंटा
धागाभर मक्यावरून भांडलात. खापरखुटींच्या पहिल्या पोस्टमध्ये सगळ्यात जुना भोपळा होता, त्याला कुणी हातही लावला नाही. त्या काळी त्याचा गर कडू, बिया तेवढ्या खायच्या आणि सुकल्यावर टरफल पाण्याला वापरायचं. आता आडवाटांची ती बिनमानेची चकचकीत भांडी पुन्हा बघा. काहींच्या अंगावर तर उभ्या फोडीसुद्धा कोरल्यात.