ट्रेड की रिलीज?

"खेळाडू जाणारच असेल तर आधीच ट्रेड करा (दुसऱ्या संघाशी सौदा करून त्याला तिकडे द्या), नाहीतर हाती काहीच लागत नाही" असं म्हणतात, पण हे आयपीएलला अर्धंच लागू पडतं. इथे रिलीज केलं, म्हणजे संघातून मोकळं केलं, तरी त्या खेळाडूचं मानधन पर्समध्ये (संघाला खेळाडूंवर खर्च करता येणाऱ्या रकमेत) परत येतं. अडचण पुढे येते: पैसे असले तरी लिलावात हवा तो खेळाडू मिळेलच असं नाही. ट्रेडमध्ये तो नक्की मिळतो, पण खेळाडूची संमती लागते.

नोव्हेंबर २०२५ चा सौदा बघा. राजस्थानने १८ कोटींचा सॅमसन चेन्नईला दिला आणि जडेजा (१८ वरून १४ कोटींवर) आणि सॅम करन (२.४ कोटी) घेतले. दोन अष्टपैलू मिळूनही पर्समध्ये १.६ कोटी वाचले! सॅमसनला नुसतं सोडून लिलावात हे जमणं फार कठीण होतं.