मदत हवी आहे : 'द एंड'मधली कुठली गिटार कोणाची?

नमस्कार मंडळी,

भाचा आणि त्याचे मित्र गॅदरिंगला बीटल्सचं 'द एंड' बसवतायत ('अ‍ॅबे रोड' अल्बम, १९६९). रिंगोचा ड्रम सोलो झाला की गिटारींची जी जुगलबंदी सुरू होते, तिथे गाडी अडलीय. तिघे गिटारवाले, आणि तिघांनाही जॉर्ज हॅरिसन व्हायचंय. मूळ एलपीच्या कव्हरवर कोणी काय वाजवलं याचा पत्ता नाही.

माझी आपली जुनी समजूत : लीड (सोलो वाजवणारी गिटार) म्हणजे जॉर्ज, ऱ्हिदम (साथीची गिटार) म्हणजे जॉन लेनन, बेस म्हणजे पॉल मॅकार्टनी. भाच्याने 'टॅक्समन' लावून माझी विकेट काढली. गाणं जॉर्जचं, गातोय जॉर्ज, आणि तो झणझणीत सोलो पॉलचा! 'तिकीट टू राइड'मधली लीडही पॉलचीच म्हणे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रिंगो बँड सोडून गेला होता, तेव्हा 'डिअर प्रूडन्स'वर ड्रम्सही पॉलनेच वाजवले. आता कशावरच विश्वास उरला नाही. तर 'द एंड'मध्ये कोण कुठे आहे, आणि ते कानाने कसं ओळखायचं?

खर्जातला :
क्रम सोपा आहे. पॉल, जॉर्ज, जॉन. प्रत्येकी दोन बार, म्हणजे आपल्या हिशेबाने ८ मात्रा. अशा तीन फेऱ्या, की गिटारी थांबतात आणि पियानो येतो. हेडफोन लावून आधी जॉन शोधा. सगळ्यात खरखरीत, फझवाला (म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज), एकाच सुरावर घासत बसणारा तो. त्याच्या आधीचा गोल, सुरेल, तार ओढून गाणारा तो जॉर्ज. उरला तो पॉल. एक सांभाळा : तिघांनी हे एकत्र उभं राहून वाजवलं होतं, त्यामुळे घरी वेगवेगळं पाठ करून जमणार नाही. समोरच्याचं वाक्य संपताना आपलं उचलायचं.

तारसप्तक :
वरचं बरोबर. पण बेसचं काय? रेकॉर्डवर बेसही पॉलचाच आहे, वेगळ्या ट्रॅकवर. स्टेजवर त्याला दोन हात जास्त कुठून आणणार? चौथा माणूस लागेलच.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. काल रात्री हेडफोन लावून बसलो. दुसऱ्या फेरीत जॉन पकडला, मग बाकीचे आपोआप सुटे झाले. भाच्याच्या वाट्याला पॉल आलाय, थोडा हिरमुसलाय, पण 'टॅक्समन'चा दाखला त्यानेच दिला होता. बेसला शेजारच्या वर्गातला मुलगा तयार आहे. आता फक्त जॉनसाठी फझ पेडल हवंय. पुण्यात चार दिवसांसाठी भाड्याने कुठे मिळेल?