मदत हवी आहे: काकांचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन, होतं तसं करावं की नवं करून टाकावं?

नमस्कार मंडळी,

सल्ला हवा आहे आणि जरा घाईने हवा आहे. गणपतीला मुंबईचे चाकरमानी घरी येतील, त्याआधी हे मशीन चालू करायचं आहे. मी काही ठरवलं नाही तर माझा धाकटा भाऊ त्याच्या मनाप्रमाणे करून टाकेल.

वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या बाजारात आमच्या काकांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, १९९४ ते २००३. तीन मशीन होती. दोन विकली गेली. तिसरं आमच्या मांगरात (शेतातल्या खोपटात), सोडणांच्या म्हणजे नारळाच्या सालींच्या ढिगामागे ताडपत्रीखाली वीस वर्षं पडून होतं. गेल्या महिन्यात चौघांनी मिळून ते खळ्यात, म्हणजे अंगणात आणलं.

सांगाडा फणसाच्या लाकडाचा आहे, कुडाळच्या सुताराने केलेला, आणि तो आजही खणखणीत आहे. बाजू प्लायच्या, वर तपकिरी सनमायका. खालची वीतभर प्लाय मात्र वाळवीने पोकळ केली आहे, बोट लावलं की आत जातं. पिक्चर ट्यूब २० इंची, आडवी, काच शाबूत. आतला गेमचा सर्किट बोर्ड मुस्तफाचा, म्हणजे कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मूळ बोर्ड नव्हे, त्याची नक्कल आहे. मूळ गेम तिघांचा, आमच्या मशीनवर दोघंच खेळायचे. बोर्डाच्या कडेचे सोनेरी पट्टे हिरवट पडलेत. समुद्र हाकेवर आणि गाव मिठागरांचं, त्यामुळे त्याचं नवल नाही. अजून वीज जोडलेली नाही.

खरा प्रश्न साफ करायला घेतल्यावर पडला. बटणांच्या पाटीवरची सनमायका एका कोपऱ्यात सुटली होती. ती उचलली तर खाली दुसरी सनमायका, निळी, आणि तिच्यात दोन्ही खेळाडूंसाठी सहा-सहा भोकं. त्यातली तीन-तीन लाकडी गुट्ट्या ठोकून बुजवलेली. काकांना विचारलं तेव्हा कळलं की मशीन आलं ते 'स्ट्रीट फायटर टू'चं, तीन ठोसे आणि तीन लाथा अशी सहा बटणं. १९९६ मध्ये पोरं मुस्तफा मागायला लागली, म्हणून बोर्ड बदलला, जादा बटणं काढली आणि वर तपकिरी सनमायका चिकटवली. मग 'होतं तसं' म्हणजे नक्की कोणतं? १९९४ चं निळं की १९९६ चं तपकिरी? मी शाळेतून सुटून खेळलो ते तपकिरी.

दुसरी गोष्ट आतली. मागचं दार उघडल्यावर तळाशी एक साधा बल्बचा होल्डर स्क्रूने बसवलेला दिसला. त्याची वायर मशीनच्या बटणाला न जाता वेगळी बाहेर निघते. मला वाटलं कुणीतरी दुरुस्तीसाठी लावला असेल. काका म्हणाले, "पावसात रातभर बल्ब पेटतो ठेवूचो लागता, नायतर सकाळी पडदो थरथरता." मिरगापासून नवरात्रापर्यंत चाळीस वॅटचा बल्ब आत जळत असायचा. जगातल्या कुठल्याच कारखान्याच्या नकाशात हा होल्डर सापडणार नाही. पण तो नसता तर हे मशीन कोकणातले नऊ पावसाळे चाललं असतं का, मला शंका आहे. तो काढण्याची कल्पनासुद्धा मला सहन होत नाही.

तिसरी गोष्ट वरच्या पाटीची आणि बाजूच्या चित्राची. वरची पाटी काचेची, मागून रंगवलेली, आत ट्यूबलाइट. 'व्हिडिओ गेम' अशी लाल अक्षरं, खाली लाटा. डाव्या बाजूला दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने काढलेला पांढऱ्या कपड्यांतला लढवय्या आहे. 'स्ट्रीट फायटर'मधल्या रियूला त्याने मिशा दिल्यात, आणि माझ्या डोळ्यांसमोर रियू येतो तो आजही मिशांसकट. या चित्राचा पाव भाग आता पोपडे धरून पडायला आलाय.

भावाचं म्हणणं असं. त्याचा वेळागरला होमस्टे आहे. पाहुण्यांच्या मुलांना खेळायला मशीन हवं. ट्यूब काढून एलसीडी लावायचा, मुंबईहून साठ गेमचा बोर्ड मागवायचा, वाळवी लागलेल्या बाजू कापून नव्या प्लायच्या करायच्या आणि त्यांवर मूळ गेमच्या चित्रांचे स्टिकर छापून लावायचे. तो म्हणतो, मिशीवाला रियू चुकीचा आहे, छापील चित्र हेच खरं. ट्यूब लहान मुलांजवळ धोक्याची, सुटे भाग मिळत नाहीत, पावसात दिवसातून चारदा वीज जाते. यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणूनच मला उत्तर सुचत नाही.

जाणकारांनी सांगावं: वीस वर्षं बंद असलेलं मशीन वीज जोडण्याआधी कसं तपासायचं? पोपडे आलेलं चित्र कसं थांबवायचं? सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडावर रंगकाम करणारे आहेत, त्यांच्याकडे न्यावं का? आणि नाण्याचं काय करायचं? नाण्याची पेटी जुन्या १ रुपयाची आहे. आजचा रुपया टाकला की सरळ खाली परत येतो.

---

प्रतिसाद, रत्नागिरीहून:

टीव्ही दुरुस्तीत आयुष्य गेलं, म्हणून आधी हात जोडून सांगतो, थेट प्लग लावू नका.

ट्यूबच्या पाठीवरची रबरी टोपी, जिथे ईएचटीची (उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) जाड वायर जाते, तिथे रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो साठून राहू शकतो. चाचणी घेतल्यावर तर नक्कीच. सवयीच्या माणसाकडूनच डिस्चार्ज करून घ्या. ट्यूबची मागची मान सगळ्यात नाजूक, तिला धक्का लागला की ट्यूब गेली. काही चॅसिस (ट्यूब चालवणारा सर्किट बोर्ड) लाइव्ह असतात, म्हणजे त्यांना थेट मेनचा करंट असतो, म्हणून मेनपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे का बघा, नसेल तर बसवा.

मग मेन फिल्टरपासून सगळे इलेक्ट्रोलाइटिक कंडेन्सर बदला. वीस वर्षांत आतलं सुकतं, मग पडदा आकसतो, कडा वाकतात. ईएचटीच्या आणि योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलच्या) पायांना ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेले जोड असणारच, तिथे पुन्हा सोल्डर करा. त्यानंतर सिरीज बोर्डावर, शंभर वॅटचा बल्ब मालिकेत ठेवून चालू करा. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

गेमचा बोर्ड तेव्हा जोडलेला नको. पॉवर सप्लाय वेगळा तपासा. बोर्ड लावल्यावर बोर्डाच्याच पट्ट्यांवर मीटर धरून ५ व्होल्ट बघा, सप्लायच्या टोकाला नको, कारण गंजलेल्या वायरीत थोडे गळतात. कमी पडले तर गेम सारखा रिसेट होतो. हिरवे पट्टे साध्या पांढऱ्या खोडरबराने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर लावू नका, मुलामा निघून जाईल.

तुमच्या काकांचा बल्ब बरोबर होता. आतली हवा चार अंश गरम राहिली की दव धरत नाही. ईएचटीच्या भोवती ओल आली की ठिणगी उडते, पडदा थरथरायचा तो त्यामुळेच असेल.

---

प्रतिसाद, पुण्याहून:

मी स्वतः दोन मशीन दुरुस्त केली आहेत. पहिलं बिघडवलं, कारण नको तितकं 'मूळ' करायला गेलो.

एक उदाहरण देतो. निन्टेन्डोने १९८० मध्ये 'रडार स्कोप' काढला. अमेरिकेत सुमारे ३,००० मशीन नेली, त्यातली दोन हजारांच्या आसपास विकली गेली नाहीत. १९८१ मध्ये त्याच मशीनमध्ये चिपा आणि चित्रं बदलून 'डाँकी काँग' बसवला. म्हणून सुरुवातीची काही मशीन लाल आहेत, नंतरची निळी. ती लाल मशीन 'डाँकी काँग' म्हणूनच जपली जातात. बदल हा या धंद्याचा भागच होता. एक वर्ष ठरवा आणि त्या वर्षाशी प्रामाणिक रहा. तुमचं वर्ष १९९६ आहे, हे तुमच्याच लिखाणात दिसतंय. निळी सनमायका तपकिरीच्या खाली तशीच राहू द्या, फोटो काढून ठेवा.

भावाच्या साठ गेमच्या बोर्डाबद्दल. तो बोर्ड जामा कनेक्टरला बसतो, म्हणजे गेमचे बोर्ड जोडायची १९८५ पासूनची ५६ पट्ट्यांची ठरलेली जोडणी. तुमच्या मशीनलाही तोच असेल, म्हणजे एकही वायर न कापता बोर्ड लावता आणि काढता येतो. ही चांगली बाजू. पण त्यातले गेम बहुतेक 'पॅकमॅन', 'गॅलागा' अशा उभ्या पडद्याचे आहेत आणि तुमची ट्यूब आडवी. त्यात मुस्तफाही नाही. घेण्याआधी भावाला एवढं जरूर सांगा.

एलसीडी लावायचाच झाला तर ट्यूबच्या जागी वेगळी चौकट करून स्क्रूने बसवा. फणसाचा सांगाडा कापू नका आणि ट्यूब भंगारात देऊ नका.

चित्रावर नवा रंग चढवू नका. सुटलेले पोपडे आधी पातळ चिकट द्रावणाने जागेवर बसवावे लागतात, मगच गेलेल्या जागा भरायच्या. चितारआळीतल्या कारागिरांचा हात बारीक असतो, पण नेताना स्पष्ट सांगा की सुधारायचं नाही. नाहीतर मिशा जातील.

---

प्रतिसाद, मालवणहून:

नाण्यापुरतं लिहितो. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ च्या मालिकेतला रुपया २२ मिलिमीटरचा झाला, म्हणून तुमच्या पेटीतून निसटतो. पण त्याच २०११ च्या मालिकेतलं २ रुपयांचं नाणं बरोबर २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचं आहे. पेटीला हात न लावता ते टाकून बघा. २०१९ च्या मालिकेतलं धान्याच्या चित्राचं २ रुपयांचं नाणं नको, ते २३ मिलिमीटरचंच आहे.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्ष १९९६, हे ठरलं.

मालवणकर, काल रात्रीच २ रुपयांचं नाणं टाकून पाहिलं. आत जाऊन पेटीतली पट्टी खाली दाबली गेली, टक् असा तोच आवाज आला. काका पडवीत बसले होते, उठून आत आले.

भावाशी बोललो. उभ्या-आडव्या पडद्याचं त्याला पटलं, साठ गेमचा बोर्ड रद्द. होमस्टेसाठी तो नव्या प्लायचं, एलसीडीचं वेगळं मशीन करून घेतोय, त्याला बाजूच्या मापाचा कागदी साचा मी काढून देणार आहे. आमच्या मशीनची खालची वीतभर प्लायच तेवढी कापून जोड देऊ, आधी वाळवीचं औषध मारून. चित्र त्या जोडाच्या वर आहे, त्याला धक्का नाही. चितारआळीत पुढच्या आठवड्यात जातो, आधी फोटो दाखवून.

रत्नागिरीकर, ट्यूब डिस्चार्ज करणारा माणूस वेंगुर्ले किंवा सावंतवाडी भागात कुणी आहे का? आमच्या गावातल्या मेकॅनिकने ट्यूबचं काम सोडून दहा वर्षं झाली. नसेल तर चॅसिस काढून तुमच्याकडे आणू का, की ट्यूबसकट आणावं लागेल? आणि होल्डरमध्ये आता कोणता बल्ब लावू? एलईडी तर गरमच होत नाही.